दोराचं वरचं टोक

"व्हेंटिलेटर काढायचा नाही," म्हातारी म्हणाली. "कुणी हात तर लावून बघा!"

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून पुसला. या बाईशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं, हे त्यांना आता कळून चुकलं होतं.

"आजी, आजोबांची फुप्फुसं आता सुधारणार नाहीत. गुंगी उतरली की त्यांना त्रासच होतो. यंत्र काढून आपण त्यांना शांतपणे जाऊ देऊ शकतो. निर्णय तुमचा आहे."

"माझा कसला? त्यांचा. ते सांगतील तेव्हा काढू."

"घशात नळी असताना बाबा सांगणार कसे?" मुलगा वैतागला.

"जन्मभर सांगत आले तसे."

दोघांचा जन्म बंदरात गेला होता. नवरा पाणबुड्या. जहाजांच्या बुडाला चिकटलेले शिंपले खरवडायचा, पंख्यात अडकलेली जाळी कापायचा. त्याच्या कमरेला दोर आणि दोराचं वरचं टोक हिच्या मुठीत. दुसऱ्या कुणाच्या हाती दोर असला तर हा पठ्ठ्या पाण्यात पायसुद्धा बुडवत नसे. खालच्या गढूळ पाण्यात दिसायचं काही नाही, म्हणून बोलणं सगळं हिसक्यांचं. एक हिसका म्हणजे ठीक. दोन म्हणजे थांब, जरा दम धर. चार म्हणजे वर ओढ.

चार आले की विचार करायचा नाही, ओढायचं. एकदा मुकादम आडवा आला होता. "दोनच बोल्ट राहिलेत, होऊ दे की पुरे," म्हणाला. तिने त्याला कोपराने असा ढकलला की तो तेलाच्या पिंपावर जाऊन आदळला. नवरा वर आला तेव्हा काळानिळा पडला होता, हवेची नळी फाटली होती.

"खालचा माणूस सांगतो तेच खरं," ती मुकादमावर कडाडली होती. "वरच्यानं शहाणपणा करायचा नाही!"

ही गोष्ट मुलाला तोंडपाठ होती. म्हणूनच तो नमला.

"बाबांनी चार वेळा हात दाबला तर काढायचं. शब्द दे, आई."

"दिला. माझ्या हातानं काढीन."

तेव्हापासून पाच दिवस ती खाटेला चिकटून बसली होती. त्याचा उजवा हात सुया टोचून फळीला बांधलेला, डावा चादरीखाली तिच्या हातात. "मी धरतो, तू जरा पाठ टेक," असं मुलगा एकदा म्हणाला, तर ती वसकन अंगावर आली.

"दोर मध्येच दुसऱ्याच्या हाती देत नसतात!"

तिला सगळ्यांचा राग येत होता. यंत्राच्या फुसफुसण्याचा, मुलाच्या समजूतदारपणाचा, डॉक्टरीणबाईंच्या मऊ आवाजाचा. आणि सगळ्यांत जास्त राग कुलूप लावून आलेल्या घराचा. तिथे एकटीने परत जायचं तिच्या जिवावर आलं होतं. जाणारच नाही, काय करायचं ते करा, असं ती मनात म्हणायची.

पाचव्या दिवशीही संध्याकाळी डॉक्टरीणबाई आल्या. "आजी, काही खूण?"

"नाही."

"एवढीसुद्धा?"

"मला हिसके मोजायला शिकवता?"

मुलगा कितीतरी वेळ बापाच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. मग त्याने आईच्या खांद्यावर हात ठेवला. "तुझंच बरोबर होतं. बाबांना अजून जगायचंय. मी उगाच घाई करत होतो." त्याचे डोळे भरून आले. तिने मान वर केली नाही.

ते दोघं बाहेर गेले.

म्हाताऱ्याने डोळे उघडले आणि थेट तिच्याकडे पाहिलं. चादरीखाली बोटं हलली. एक, दोन, तीन, चार.

काल हलली होती तशीच. परवाही. पहिल्या दिवसापासून रोज.

तिने त्याच्या नजरेला नजर भिडवली आणि त्याचा हात घट्ट दाबला. दोनदा.