कोंडीरामच्या मानेची गाठ

छप्पन साली करी रोडच्या कोंडीरामच्या मानेवर गाठ आली. परळच्या डॉक्टरांनी तुकडा काढून तपासला, लसिकाग्रंथींचा कॅन्सर सांगितला आणि दीड महिना रोज किरणांचा शेक घ्यायला बोलावलं.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीमुळे तेव्हा नाक्यानाक्यावर झडती चालायची. पहिल्याच दिवशी हवालदाराने कोंडीरामच्या मफलरला हात घातला.

"कॅन्सर झालाय ह्यांना," बायको बकुळा म्हणाली.

आपल्याला लागण होईल या भीतीने हवालदार चार पावलं मागे सरला. "जा, जा लवकर!"

दुसऱ्या दिवसापासून समितीची पत्रकं कोंडीरामच्या सदऱ्याआडून वाटेवरच्या चाळींत पोचू लागली.

"मरायचंच आहे, तर कामाला येऊन मरतो," तो म्हणायचा. बकुळा त्याला दटावून गप्प करायची आणि आणखी एक गठ्ठा खोचायची.

शेवटच्या दिवशी डॉक्टरांनी मान चाचपली. "गाठ पार विरघळली. उद्यापासून यायचं नाही."

कोंडीरामला रडूच फुटलं. बकुळानेही पदराने डोळे पुसले. मग एकदम तिचा चेहरा पडला.



"इतक्यात कशी हो विरघळली, डॉक्टर? मुंबई मिळायचीय अजून!"