ब्रेकवरचा पाय

"हे काय आहे?"

बायकोने चष्म्याची डबी त्याच्या नाकासमोर उघडून धरली. आत चष्मा नव्हता, पांढऱ्या गोळ्या होत्या. चांगल्या एकोणीस. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन सहा आठवडे झालेला ड्रायव्हर पलंगावर बसल्या बसल्या छताकडे बघू लागला.

"रोज पाणी पिऊन मला आ करून दाखवत होतात तुम्ही!"

"तळहातात लपवायचो," तो म्हणाला. आवाजात थोडा अभिमानही होता.

दहा वाजून बारा मिनिटं झाली होती. अकराला फिजिओबाई व्यायाम घ्यायला येणार होत्या आणि आज मुदतीचा शेवटचा दिवस होता. गुडघा नव्वद अंशांपर्यंत वाकला तर ठीक, नाहीतर सोमवारी पुन्हा हॉस्पिटल, पुन्हा भूल, आणि डॉक्टर तो स्वतःच्या हाताने वाकवणार. गेले पाच दिवस गुडघा एक्याऐंशीवर अडून बसला होता. उजवा गुडघा, ब्रेकचा. तो वाकला नाही तर बस विसरा, असं डेपोच्या डॉक्टरने तोंडावर सांगितलं होतं. बस नाही म्हणजे हा माणूस दिवसभर घरात काय करणार, या विचारानेच बायकोचा जीव अर्धा व्हायचा.

"व्यायामाच्या वेळी ओरडून ओरडून शेजारीपाजारी गोळा करता, आणि दुखण्याची गोळी डबीत? का पण?"

त्याने उशाजवळचं गोळ्यांचं पाकीट उचललं आणि बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. "वाच. 'झोप येऊ शकते. औषध घेतल्यावर वाहन चालवू नये.'"

"मग?"

"मग काय? एकतीस वर्षांत झोप आणणारी एक गोळी पोटात गेलेली नाही माझ्या. सर्दीचीसुद्धा नाही. मागे पन्नास माणसं बसलेली असतात."

बायकोने नकळत मागे वळून पाहिलं. मागे कपाट होतं.

तिला हसावं की डबी फेकून मारावी, कळेना. बावीस वर्षं ती त्याच्याच बसवर कंडक्टर होती. नाक लाल, डोळ्यांना धार, अशा अवस्थेत त्याला स्टिअरिंगवर बसलेला तिने कितीदा पाहिलं होतं. गोळी घ्या, असं तीही कधी म्हणाली नव्हती. पण तेव्हाची गोष्ट वेगळी. तिने स्टूल ओढलं आणि गर्दीत वापरायची ती आपली खणखणीत आवाजाची पट्टी लावली.

"अहो, नीट ऐका. गेला दीड महिना तुम्ही ड्रायव्हर नाही, प्रवासी आहात. आणि प्रवाशाला झोपायची मुभा असते."

ड्रायव्हरने पाकीट खाली ठेवलं. हा नियम त्याला पाठ होता. त्याच्या पाठीमागे माणसं तोंडं उघडी टाकून घोरायची आणि त्याला त्यांचा कधी राग आला नव्हता. उलट बरंच वाटायचं.

"मग चालवणार कोण?" त्याने हळूच विचारलं.

"मी आहे ना."

त्याने तळहात पुढे केला. "आण. दोन आण, उशीर भरून काढू."

"एकच! उशीर झाला म्हणून कधी गाडी दुप्पट पळवली होतीत का तुम्ही?"

"नाही."

"मग!"

तिने पाकिटातली नवी गोळी काढून दिली, दोन बिस्किटं दिली, पाणी दिलं, आणि या खेपेला आ बघून झाल्यावर दोन्ही तळहातही उलटेपालटे करून तपासले. घड्याळात दहा वीस झाले होते. ड्रायव्हर डोळे ताणून बसून राहिला. सवय अशी थोडीच सुटते.

फिजिओबाई अकराच्या ठोक्याला आल्या. बायकोने त्यांच्या हातात चहा दिला आणि डबी दाखवली. बाईंनी कपाळाला हात लावला.

"अहो, दुखणं डोक्यावर बसल्यावर त्याला उतरवणं कठीण. व्यायामाआधी पाऊण तास गोळी घ्या, हे मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं ना?"

"तुम्ही चहा सावकाश घ्या," बायको म्हणाली. "अजून पाच मिनिटं आहेत."

पाच मिनिटांनी ड्रायव्हर खुर्चीत बसला. टाचेखाली फडकं घातलं, आणि बाईंनी खाली बसून गुडघ्याला कोनमापक लावलं. बायको खुर्चीमागे उभी राहिली. टाच मागे सरकू लागली. ड्रायव्हरने ओरडायला तोंड उघडलं, ते उघडंच राहिलं.

"दुखतंय?"

"दुखतंय. पण लांबून."

"चौऱ्याऐंशी," बाई म्हणाल्या. "सोडा श्वास. शहाऐंशी. अंग आवळू नका. अठ्ठ्याऐंशी."

तिथे गुडघा अडला. फडकं हलेना. ड्रायव्हरच्या कानशिलावरून घाम ओघळला. बायकोने श्वास रोखून धरला होता, आणि बाईंचाही आवाज आता बारीक झाला होता.

"हं, थोडं अजून. एकोणनव्वद. चला... नव्वद!"

"नव्वद!" बायको इतक्या जोरात ओरडली की समोरच्या घरातली खिडकी उघडली. "अहो, नव्वद!"

"एक्याण्णव," बाई हसत म्हणाल्या आणि जमिनीवरच बसल्या. "आता बास. खरंच बास."

ड्रायव्हरचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायचंही त्याला भान नव्हतं. त्याने पाय हळूच पुढे आणला. समोरच्या कोऱ्या भिंतीकडे तो क्षणभर बघत राहिला, जणू गाडीला कोणीतरी आडवं आलंय. मग त्याने पाऊल उचललं आणि जमिनीवर दाबलं, पुरतं, टाचेपर्यंत.

मागे उभ्या असलेल्या बायकोने दोन्ही हातांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली.