ठरवलेला भाव

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी डॉलर नूपुरने ठरवलेल्या भावावर आला. या भावासाठी ती सात आठवडे एकही सौदा न करता थांबली होती. ऑफिसची बिनपगारी रजा आज संपत होती. आज जमलं नाही तर चलनबाजाराचा नाद सोडून उद्यापासून नोकरीवर, असं तिने घरी कबूल केलं होतं.

"घेऊ ना, काका?"

बँकेच्या परकीय चलन विभागातून निवृत्त झालेले विश्वनाथकाका नंदनवन वस्तीतल्या आपल्या घरी तिला हे शिकवत होते. ते म्हणाले, "काहून घाई करून राहिली वं? निवडायला शीक."

"पण तुम्ही सांगितलेल्या सगळ्या खुणा जुळल्या!"

"जुळल्या. म्हणूनच मले शंका येते."

नूपुर गोंधळली. खुणा जुळल्यावरही थांबायचं, तर घ्यायचं कधी?

"काका, निवृत्तीनंतर तुम्ही स्वतः किती सौदे केले?"

"नऊ वर्षांत एकही नाही," काका अभिमानाने म्हणाले. "मनासारखा भाव आलाच कुठे?"

सव्वाअकराला डॉलर दोन पैशांनी वर सरकला. नूपुरचं बोट अजून न दाबलेल्या खरेदीच्या बटणावरच होतं.