कोरा चेहरा

परदेशातल्या लेकीचं बाळंतपण तोंडावर आलं, आणि आमच्या सोजराबाईंचा व्हिसा एका फोटोपाशी अडला. गोरेगावचा फोटोवाला लग्नाच्या ऑर्डरवर गेलेला, म्हणून सूनबाई आकांक्षानं घरीच मोबाइल हातात घेतला. मागं पांढरंशुभ्र काहीतरी लागतं, म्हणून भिंतीला माझं धोतर टांगलं आणि सोजराबाईंना पुढं स्टुलावर बसवलं. बाकी सगळं जमलं, पण चेहरा कोरा लागतो, तो काही जमेना. व्हिसाचा फोटो तपासणारं ॲप होतं, त्यातून प्रत्येक फोटोला मोबाइल सांगायचा, 'हसू नका.'

"आई, जरा गंभीर व्हा ना."

"कशी होऊ, माय? मागून यांचं धोतर फडफडून राहिलं."

पंखा बंद केला, तरी हसू थांबेना. 'नातवंड काही तुझ्या व्हिसासाठी थांबणार न्हाई,' असा धाक मी घालून पाहिला. नातवंडाचं नाव काढल्यावर तर चेहरा आणखीच फुलला.

शेवटी आकांक्षा म्हणाली, "बाबा, तुमी आईंना तुमचा एखादा विनोदी लेख वाचून दाखवा बरं."

"त्यानं हसू आणखी वाढंल, पोरी."

"तुमी वाचा तर."

मी माझा सगळ्यात गाजलेला लेख काढला. पहिल्याच परिच्छेदाला सोजराबाईंचं हसू गेलं, दुसऱ्याला चेहरा अगदी बराबर कोरा झाला. आकांक्षानं लगेच फोटो काढला.



मोबाइल म्हणाला, 'डोळे उघडे ठेवा.'