डावा दरवाजा

रोलंड पास्क तासभर आधीच येऊन टपकला आणि थेल्माचा सगळा बेत फसला. अकराच्या बसला आपणच फाटकाशी जाऊन उभं राहायचं आणि त्याला आत आणण्याआधी सगळं कानावर घालायचं, असं तिनं ठरवलं होतं. पण दहालाच बेल वाजली. तिचे हात पिठात होते. दार तिच्या नवऱ्यानं, हेडलीनं उघडलं.

"अजून जिवंत आहेस होय रे तू?"

"तुझी गाडी पुरी झाल्याशिवाय मरायचं नाही असं ठरवलं होतं. मला वाटलं, आता शंभरी गाठावी लागतेय!"

दोघं म्हातारे हसत हसत परस्पर गॅरेजकडे वळले. थेल्मा तशाच हातांनी मागोमाग धावली.

कॉव्हेंट्रीच्या मोटार कारखान्यात दोघांनी एकतीस वर्षं काढली होती. हेडली रंगखात्यात, रोलंड त्याच्यापुढं तपासनीस. गाडी रंगून आली की रोलंड हात पाठीमागं बांधून तिच्याभोवती एक फेरी मारायचा आणि खोट दिसेल तिथं खडूनं गोल काढायचा. हेडलीच्या गाडीवर बहुधा एकच गोल असे, नखाएवढा. पण असायचाच. त्यावरून दोघांची रोज जुंपायची आणि रोज संध्याकाळी दोघं एकाच टेबलावर बिअर प्यायचे.

गॅरेजचं दार सताड उघडं होतं. आत ती बुटकी, दोन माणसांची, कापडी टपाची गाडी उभी होती. हेडलीनं ती लग्नाच्या आदल्या वर्षी घेतलेली. अकरा वर्षांपूर्वी त्यानं तिचा स्क्रू न् स्क्रू सुटा केला, गंजलेला पत्रा कापून नवा जोडला आणि एकेक भाग आपल्या हातानं परत बसवला. मागच्या उन्हाळ्यात तिला मूळचाच गर्द हिरवा रंग दिला. तो अगदी झकास उतरला होता. मग मार्चमध्ये डाव्या दरवाजाच्या खालच्या कडेला पुन्हा गंज फुगला, म्हणून तेवढा एक दरवाजा त्यानं परत खरवडून रंगवला. दुकानदार म्हणाला होता, यंत्रावर रंग जुळवून देतो. "आता यंत्र मला हिरवा शिकवणार!" असं म्हणून हेडली तरातरा निघून आला आणि रंग त्यानं घरीच मिसळला.

दरवाजा निळसर झाला. जुन्या औषधाच्या बाटलीसारखा. रस्त्यावरून जाणाऱ्यालाही कळावं इतका.

त्या दिवशी हेडलीनं थेल्माला हाक मारून विचारलं होतं, "सांग बघू, नवा रंग कुठं सुरू होतो ते ओळखू येतंय?" आणि हातात फडकं घेऊन तो असा काही उभा होता, की ती "नाही बाई," म्हणून गेली.

एकदा तसं म्हटल्यावर मग सगळ्यांनाच आधी गाठून, दरवाजाचं नाव काढू नका, असं सांगणं आलं. शेजारच्यांना सांगितलं, पोस्टमनला सांगितलं, बहिणीला सांगितलं. सगळ्यांनी गाडीचं तोंड भरून कौतुक केलं. हेडलीनं तेवढ्या दिवसांत गॅरेजमधला दिवा तीनदा बदलला. हल्ली दिव्यांत काही दम राहिला नाही, असं तो म्हणायचा. चहा कपाबाहेर सांडला की टेबलाला नावं ठेवायचा. डॉक्टरांचं नाव काढलं की उठून जायचा.

"घे, बघ सावकाश," हेडली आता रोलंडला म्हणाला. "खडू तिकडं फळीवर आहे."

रोलंडनं हात पाठीमागं बांधले. उजवीकडून सुरुवात केली. मागून वळला, वाकून पाहिलं, मान हलवली. थेल्मा दारातच खिळून उभी होती. रोलंड डाव्या बाजूला आला आणि थांबला. त्यानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात हेडलीच्या पाठीमागं उभी असलेली थेल्मा त्याला दिसली. तिनं पिठाचं बोट ओठांवर ठेवलं होतं.

रोलंडनं हेडलीकडं पाहिलं. हेडली त्याच्याचकडं बघत होता. म्हणजे, त्याच्या जरा बाजूला, भिंतीवर नटबोल्टचे पाने टांगले होते तिकडं.

रोलंडनं दरवाजाकडं पुन्हा एकदा पाहिलं.

"काय झालं?" हेडली म्हणाला. "सापडला ना गोल?"

"नाही."

"नीट बघ लेका. चष्मा लाव."

"लावलाय. काहीच नाही सापडत, हेडली. सगळा रंग एकसारखा उतरलाय. कुठं म्हणता कुठं खोट नाही."

देव भलं करो याचं, थेल्मा मनात म्हणाली. आता चहा ठेवावा, म्हणून ती वळलीसुद्धा.

"एकतीस वर्षं," हेडली म्हणाला.

ती थबकली. हेडलीच्या चेहऱ्यावर अजून हसू होतं, पण ते नुसतं ओठांवर राहून गेलेलं.

"एकतीस वर्षांत माझी एक गाडी तू अशी सोडली नाहीस. एक गाडी नाही." "एवढा वाईट झालाय का रे?"

रोलंड खाली फरशीकडं बघत राहिला.

हेडली चाचपडत गाडीपाशी आला. त्यानं बॉनेटवर हात टेकला, मागच्या चाकावरच्या पत्र्यावरून फिरवला, पुन्हा पुढं आणला. रंग सगळीकडं सारखाच गुळगुळीत होता.

"कुठं आहे, तेवढं तरी सांगा कुणीतरी."

थेल्मा पुढं आली. तिनं त्याचं मनगट धरलं आणि त्याचा हात डाव्या दरवाजावर नेऊन ठेवला.