वाळूच्या वरची चूल

थापी दगडाला लागली आणि शिझुनोचा हात थांबला. दगड जळालेला होता. त्याला लागून दुसरा, मग तिसरा. गोल मांडलेले. मधे काळी राख.

चूल. आणि ती वाळूच्या वर होती.

वाळू त्सुनामीच्या लाटेची होती, हजारो वर्षांपूर्वी समुद्राने आणून टाकलेली. तिच्याखाली जपानच्या आदिम जोमोन लोकांची वस्ती गाडली गेली होती. पुरातत्त्वज्ञ शिझुनो कुवाशिमाची सगळी कारकीर्द या वाळूवर उभी होती. लाटेनंतर ते लोक पुन्हा खाली समुद्राजवळ राहायला आले नाहीत, वाळूच्या वर त्यांचा माग नाही, हे तिने सानरिकूच्या किनाऱ्यावर चर खणून खणून सांगितलं होतं. पुस्तक लिहिलं. मान मिळाला. मग दोन वर्षांपूर्वी लाट पुन्हा आली, शिराहाए गाव धुऊन गेलं, आणि सरकारने तिचंच पुस्तक पुढे करून फर्मान काढलं. खालच्या पठारावर घरं नकोत. सगळ्यांनी डोंगरावर जायचं.

गावच्या कोळ्यांना ते मान्य नव्हतं. पत्र्याच्या तात्पुरत्या खोल्यांत कुजत पडलेली माणसं ती. "मेलेल्यांना उकरून हिचं पोट भरतं आणि जिवंतांना ही समुद्रापासून तोडते," असं बायका तिच्या तोंडावर बोलायच्या. भांडून भांडून शेवटी ठरलं, की ते जुने लोक परत आले होते की नाही, ते याच पठारावर खणून बघायचं. आज दुपारी गाव आणि अधिकारी दोघं चर बघणार होते. निकाल इथेच लागणार होता.

एरवी वाळूपर्यंतची माती ती यंत्राने ओरबाडून काढायची. वरची शेताची माती, तिच्यात काय असणार? सगळेच तसं करतात. या वेळी यंत्रं ढिगारे उपसायला गेलेली, म्हणून हाताने खणावं लागलं. म्हणजे इतकी वर्षं वाळूच्या वर काही सापडलं नाही, कारण बघण्याआधीच तिने ते ट्रकात भरून फेकलं होतं.

"कुणी बघितलं?" मागून आवाज आला. पुनर्वसन खात्याचा प्रमुख माबुची चराच्या काठावर उभा होता.

"मी."

"मग झालं. टाका माती."

"माबुचीसाहेब..."

"तुमच्या पुस्तकाचं जाऊ द्या, बाई. ते परत आले होते असं म्हणालात, की ही माणसं उद्या इथे पाया खणतील. पुढच्या लाटेला प्रेतं उचलायला तुम्ही येणार आहात?"

तो खोटं बोलत नव्हता. तीच तर पंचाईत होती. शिझुनोने फावडं उचललं, माती भरली. खोटेपणाला इतकं चांगलं कारण तिला आयुष्यात मिळालं नव्हतं. माणसंही वाचतात आणि नावही वाचतं! त्या 'आणि'चाच तिला संताप आला. तिने फावडं भिरकावलं आणि पुन्हा थापी घेऊन बसली. चुलीशेजारची वाळू उतरवत गेली.

दुपारी काठावर गर्दी झाली. सगळ्यांत पुढे कोळ्यांच्या संघाचा म्हातारा अध्यक्ष, ओइकावा. पठारासाठी सगळ्यांत जास्त भांडलेला. त्याची लेक चिहाया लाटेच्या दिवशी धक्क्यावरच्या लोकांना बोलवायला धावली होती. लोक वर आले. ती अजून सापडली नव्हती.

"मी चुकले," शिझुनो म्हणाली. "ते परत आले होते. ही त्यांची चूल."

एकच गलका झाला.

"ऐकलंत? पूर्वजांना सरकारपेक्षा अक्कल होती!"

"बाई, आता पुस्तक फाडा आणि आमच्याकडे मासे साफ करायला या!"

माबुचीने डोळे मिटून घेतले. या हसणाऱ्या माणसांतली कितीतरी आपण आत्ता बुडवली, असं शिझुनोला वाटलं.

ओइकावा हसत नव्हता. तो चरात उतरला.

"चुली किती?"

"एकच."

"एवढ्या वस्तीत?"

"पठारभर चर घेतलेत, काका. एकच आहे."

"आणि हे?" वाळूच्या खाली एक मडकं पालथं पुरलेलं होतं.

"तान्हं मूल गेलं की मडक्यात घालून दाराशी पुरायचे. आई रोज त्याच्यावरून ये-जा करायची. मूल पुन्हा पोटी यावं म्हणून." शिझुनोने थापी वर, चुलीकडे वळवली. पुढचं बोलताना तिचा आवाज उतरला. "हे घर लाटेत गेलं. परत आले त्यांनी नवं दार त्याच जागी धरलंय. बरोबर मडक्याच्या वर."

म्हातारा उकिडवा बसला. इतका वेळ बसला, की काठावरचा गलका आपोआप विरला. मग गुडघ्यांवर हात टेकून उठला आणि माबुचीकडे वळला.

"घरं डोंगरावर बांधा."

"काका, डोकं फिरलं का?" संघातला साकुजी ओरडला. "अहो, जिंकलो आपण!"

"पोराबाळांना घेऊन वर जा, साकुजी. सगळे जा." म्हातारा समुद्राकडे बघत होता. "वाट बघायला एक घर पुरतं."