बंद ठेवलेली सूचना

डॉक्टर करमरकरांनी चष्मा काढून घेतला आणि मंदाकिनीबाईंचं जग एका बांगडीएवढं उरलं. त्या बांगडीत फक्त डॉक्टरांचं नाक मावत होतं.

"काचबिंदू. गेलेली नजर आता परत येत नाही," डॉक्टर म्हणाले. "डोळ्यांना दिसेनासं झालेलं हा चष्मा भरून दाखवत राहिला. पण डोळ्यांत बिघाड दिसला की हा सूचना देतो की! तेव्हाच आला असतात तर रोजच्या दोन थेंबांवर भागलं असतं."

"सूचना मी बंद ठेवली होती. नऊ वर्षं झाली," मंदाकिनीबाई पुटपुटल्या.

सूचना आली की आपोआप आरोग्यपत्रिकेत चढायची, आणि मुलाकडचे हल्ली जन्मपत्रिकेआधी तीच मागायचे. मंदाकिनीबाईंची आई काचबिंदूनेच आंधळी झालेली. घराण्यातला रोग म्हटल्यावर कोण सोयरीक करणार? लेकीला, नीलांबरीला, तेव्हा साताऱ्याचं चांगलं स्थळ आलं होतं. लग्न थाटात झालं. जावई लाखात एक मिळाला, असं बाई अजून सांगत.

"मुलीचेही डोळे आजच तपासू," डॉक्टर म्हणाले.

नीलांबरी शेजारीच बसली होती. तिने स्वतःचा चष्मा काढला आणि ती आईचा हात धरायला गेली. तिचा हात दोनदा हवेतच फिरला.

"आई," ती म्हणाली, "माझ्या चष्म्याची सूचनाही तू तेव्हाच बंद केली होतीस. लग्न होईपर्यंतच, म्हणाली होतीस. नंतर चालू केलीस ना?"